अस्तराची साक्ष

बेडक्याची डबी उघडताना नकळत श्वास रोखायची सवय मला इतक्या वर्षांनंतरही सुटलेली नाही. तिचं मूळ अर्थातच टीबीच्या भीतीत आहे. आपल्याकडे ‘बेडका तपासणी’ म्हटलं की टीबी, हे समीकरण पक्कं. काचेवर पातळ थर द्यायचा, रंगवायचा, निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात का ते पाहायचं, आणि दिसल्या नाहीत की ‘निगेटिव्ह’ लिहून पुढची डबी घ्यायची. त्या डबीत आणखी काय काय होतं, हे विचारायला ना कुणाला वेळ असतो, ना तशी पद्धत आहे.

मला ते विचारायला एका चुकीने शिकवलं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. चाळिशीतल्या एका बाईंचा बेडका पेशी-तपासणीसाठी आला होता. सोबतच्या कागदावर ‘खोकला, दोन महिने’ एवढंच. स्लाइडवर पेशींचे घट्ट गोळे होते. गोलसर, गच्च, गडद केंद्रकं एकमेकांवर चढलेली. पाठ्यपुस्तकात फुप्फुसाचा ग्रंथिपेशींचा कॅन्सर अगदी असाच दाखवलेला असतो. मी ‘कॅन्सरचा दाट संशय’ असा रिपोर्ट लिहिला आणि सहीसाठी मॅडमकडे नेला. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, स्लाइड थोडी सरकवली आणि म्हणाल्या, “अगं, मधे काय बघत बसलीस? कडेला बघ. केस दिसतात का?”

दिसले. गोळ्याच्या बाहेरच्या कडेवर एक बारीक रेघ होती आणि त्या रेघेवर पापण्यांसारखे आखूड केस. कॅन्सरच्या पेशी असे केस मिरवत नाहीत. बाईंना दमा होता, आणि तोवर तो कुणाच्याही कागदावर आला नव्हता.

त्या गोळ्यांना ‘क्रिओला बॉडी’ म्हणतात. बर्नार्ड नेलर यांनी १९६२ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात त्यांचं वर्णन केलं. नाव दिलं ते ज्या रुग्णाच्या बेडक्यात ते पहिल्यांदा ओळखले त्या रुग्णाचं. वैद्यकात रोगांना नि पेशींना डॉक्टरांची नावं मिळतात. रुग्णाचं नाव एखाद्या गोष्टीला मिळालेलं फार क्वचित सापडतं. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, नेलर यांनी एका सहकाऱ्याबरोबर आणखी एक लेख लिहिला. दमेकऱ्यांच्या बेडक्यातले हे गोळे कॅन्सर म्हणून कसे फसवतात, हाच त्याचा विषय. म्हणजे मी ज्या खड्ड्यात पडले, तो माझ्या जन्माआधीच नकाशावर होता.

हे पुस्तक त्या कडेवरच्या केसांबद्दल आहे. ते ज्या अस्तराचे असतात त्या अस्तराबद्दल, ते फाटतं कसं याबद्दल, आणि फाटताना ते मागे कोणत्या खुणा सोडतं याबद्दल.

‘अस्तर’ हा शब्द शिंप्याचा, तसाच रंगाऱ्याचाही. मी तो मुद्दाम घेतला आहे. श्वासनलिकेला आतून जे अस्तर असतं त्यात वरच्या बाजूला केसाळ पेशी असतात. एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास केस, आणि ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात. शेतातल्या पिकावरून वारा जावा तशी लाट उठते. त्या लाटेवर चिकट द्रवाचा एक पातळ थर घशाकडे सरकत राहतो, आणि त्याच्याबरोबर धूळ, परागकण, जंतू. वर आलेलं आपण दिवसभर गिळत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. केसाळ पेशींच्या अधेमधे तो चिकट द्रव तयार करणाऱ्या पेशी असतात. तळाशी बिनकेसांच्या, ठेंगण्या पेशी असतात. वरचं अस्तर उडालं की त्याच वाढून त्याची जागा भरतात. सगळ्या पेशी शेजारच्या पेशींशी प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. ही शिवण घट्ट असेल तर बाहेरचं बाहेर राहतं.

कोकणात किंवा मावळात ज्याने घर राखलं आहे त्याला पुढची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. श्रावणात भिंतीवर एक फुगा दिसतो, बोट लावलं की पोपडा गळून हातात येतो. रंगारी बोलावून वरून हात मारला की दिवाळीपर्यंत निभतं. पुढच्या श्रावणात फुगा त्याच जागी. ओल कुठून येते हे पाहिल्याशिवाय भिंत बरी होत नसते. दम्याच्या उपचाराचा बराचसा इतिहास हा असाच रंगाचे हात मारण्याचा इतिहास आहे, असं माझं मत आहे. काही मित्रांना ते फार कडक वाटतं.

दम्यात नळी आवळते, हे तर कुणालाही कळतं. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास हा आजच्या दम्याच्या सगळ्यांत जवळचा: आडवं झाल्यावर वाढणारा, बसल्यावर बरा वाटणारा, ढगाळ हवेत आणि गार वाऱ्यात उसळणारा, कफ सुटला की तात्पुरता उतरणारा. निरीक्षण इतकं नेमकं आहे की आजच्या ओपीडीतही तेच ऐकू येतं. ‘कफ सुटला की बरं वाटतं’ या वाक्यात तर आमची सगळी प्रयोगशाळा बसलेली आहे. पण विसाव्या शतकात औषधं आली ती मुख्यतः नळीभोवतीचा स्नायू सैल करणारी, आणि औषध ज्या अवयवावर चालतं तोच आजाराचा अवयव, अशी समजूत रूढ झाली. स्नायू सैल केला की रुग्णाला पाच मिनिटांत बरं वाटतं. अस्तराचं दुखणं कुणाला जाणवत नाही.

शवविच्छेदन करणाऱ्यांना मात्र ते आधीपासून दिसत होतं. १९२२ साली ह्युबर आणि केसलर यांनी दम्याने मेलेल्यांच्या फुप्फुसांचं सविस्तर वर्णन लिहिलं. १९६० मध्ये डनिल यांनी २० शवविच्छेदनांवरून तेच पुन्हा मांडलं: श्वासनलिका घट्ट चिकट गोळ्यांनी बुजलेल्या, त्या गोळ्यांत अस्तराच्या पेशींचे तुकडेच्या तुकडे, अस्तराखालचा पडदा जाड झालेला, आणि सगळीकडे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. यावरचा आक्षेप सरळ होता: हे मरणाऱ्यांचं चित्र आहे, पंप घेऊन रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाचं नव्हे. १९८५ साली फिनलंडच्या लैटिनेन आणि सहकाऱ्यांनी चालत्याफिरत्या दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेचे छोटे तुकडे काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवले. तिथेही अस्तर ठिकठिकाणी विस्कटलेलं होतं. आक्षेप मागे पडला असं वाटलं.

पण संशय घेणं हे शास्त्राचं कामच आहे, आणि इथला संशय मला फार आवडतो. चिमटा लावून तुकडा ओढताना निरोगी माणसाचंही अस्तर सुटतंच. मग जे उडालेलं दिसतं ते आजाराने उडालं की डॉक्टरच्या चिमट्याने? २००० साली ऑर्डोनिएझ आणि सहकाऱ्यांनी दमेकऱ्यांचे आणि निरोगी माणसांचे तुकडे काटेकोर मोजून दाखवलं की सौम्य ते मध्यम दम्यात, नुसत्या अशा तुकड्यांवरून, फरक सांगता येत नाही. या निष्कर्षाने पुष्कळांना वाईट वाटलं. मला वाटतं, त्याने विषय साफ झाला. चिमट्याचा पुरावा डळमळीत असेल, पण बेडक्यातले गोळे कुणी चिमट्याने काढलेले नसतात. ते रुग्णाने स्वतः खोकून बाहेर टाकलेले असतात. शिवाय खरा प्रश्न अस्तर उडालं की नाही एवढाच नाही. जागेवर असलेलं अस्तर नीट शिवलेलं आहे का, हाही आहे. घराच्या भिंतीचा पोपडा पडतो तेव्हा ओल आत शिरून महिने झालेले असतात.

शिवण कशी उसवते, यावर बरंच काम झालं आहे. घरातल्या गादी-उशीत राहणाऱ्या धूळकिड्याच्या विष्ठेत एक प्रथिन असतं, डर-पी-१. ते पचनाचं विकर आहे. १९९९ साली दाखवलं गेलं की हे विकर अस्तरातल्या पेशींमधले टाके थेट कापतं. म्हणजे ॲलर्जी होण्याआधीच ॲलर्जीचं कारण स्वतःसाठी दार उघडून घेतं. त्यात इओसिनोफिलची भर पडते. या पेशींच्या कणांतलं एक प्रथिन अस्तराला जाळतं, हे मेयो क्लिनिकमध्ये जेराल्ड ग्लाइक यांच्या गटाने १९८० च्या आसपास दाखवलं. विषाणू तिसरे. साध्या सर्दीचा विषाणू दमेकऱ्याच्या अस्तरात गेला की त्या पेशी विषाणूला थोपवणारं इंटरफेरॉन पुरेसं तयार करत नाहीत, असं साउदॅम्प्टनच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं. ‘सर्दी झाली की दम लागतोच’ ही घरोघरीची तक्रार इथे येऊन भिडते.

पण गेल्या पंधरा वर्षांतल्या ज्या दोन कामांनी मला हे पुस्तक लिहायला बसवलं, ती वेगळीच आहेत. पहिलं २०११ चं, साउदॅम्प्टनमधलंच. दमा असलेल्या ४८ स्वयंसेवकांपैकी काहींना ॲलर्जीचं कारण हुंगवलं, काहींना नुसतं मेथाकोलीन दिलं. मेथाकोलीनने नळी आवळते, ॲलर्जी होत नाही. चार दिवसांनी अस्तराचे तुकडे पाहिले तर दोन्ही गटांत बदल झालेले. कसलीही ॲलर्जी नसताना, केवळ आवळण्याने, अस्तराखालचा पडदा जाड व्हायला लागला होता. एका गटाला मेथाकोलीनच्या आधी नळी सैल ठेवणारं औषध दिलं होतं. त्यांच्यात बदल झाले नाहीत.

दुसरं काम २०२४ चं, लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये जोडी रोझेनब्लॅट यांच्या गटाचं, ‘सायन्स’मध्ये आलेलं. रोझेनब्लॅट यांचा मूळ विषय दमा नव्हेच. अस्तरात पेशींची दाटी झाली की ते जास्तीच्या पेशी कसे बाहेर ढकलतं, हा त्यांचा जुना अभ्यास. तीच नजर त्यांनी श्वासनलिकेवर वळवली. नळी आवळते तेव्हा आतलं अस्तर चुरगळतं, पेशी एकमेकींवर दाटतात, आणि अस्तर आपल्याच जिवंत पेशी ढिगाने बाहेर फेकतं. मुंबईच्या लोकलच्या दारात जे होतं तेच. उरलेल्या अस्तराला भोकं पडतात, तिथून सूज सुरू होते, चिकट द्रव वाढतो, आणि पुढच्या अटॅकची तयारी झालेली असते. त्याच प्रयोगांत असंही दिसलं की साल्बुटामॉल दिल्यावर नळी मोकळी होते, पण हे बाहेर फेकणं त्याने थांबत नाही. गॅडोलिनियम नावाच्या धातूच्या क्षाराने ते थांबलं. ते माणसाला द्यायचं औषध नव्हे, पण त्या थांबण्यातून पुढची दिशा कळते.

हे वाचल्यावर माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला तो गोळा पुन्हा डोळ्यांसमोर आला. तोवर मी त्याला कचरा समजत होते. तो कचरा नव्हता. एका रात्री आवळलेल्या नळीची ती सकाळची नोंद होती.

इथून मार्करकडे वळते. मराठीत ‘जैवचिन्हक’ असा शब्द काढला गेला आहे. तो मी एकदाच लिहिला आणि इथेच सोडते. डॉक्टर ‘मार्कर’ म्हणतात, मी ‘खूण’ म्हणेन. शरीरातली एखादी गोष्ट मोजून आत काय चाललं आहे ते ओळखायचं, एवढाच त्याचा अर्थ. खुणा मोजण्यात चूक होत नाही. चूक होते ती खूण कुणी सोडली हे विसरण्यात.

दम्याची पहिली खूण बेडक्यातच सापडली. शार्को आणि रोबँ यांनी १८५३ मध्ये काही लांबट, दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक पाहिले होते. १८७२ मध्ये लायडेन यांना ते दमेकऱ्यांच्या बेडक्यात दिसले. शंभराहून जास्त वर्षं ते पुस्तकात शोभेचं चित्र होते. ते इओसिनोफिलच्या आतल्या गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे असतात, हे बरंच नंतर कळलं. २०१९ मध्ये बेल्जियमच्या गटाने दाखवलं की हे स्फटिक नुसते अवशेष नसतात. उंदरांच्या श्वसनमार्गात घातले की ते स्वतःच सूज आणतात. मायक्रोस्कोपखाली ते सुंदर दिसतात, सुईसारखे, चमकदार. विद्यार्थ्यांना दाखवताना मी अजून थोडी रेंगाळते.

सगळ्यांत मोठं काम मात्र एका एकट्या डॉक्टरने केलं, आणि त्याला पुरेसं श्रेय मिळालेलं नाही असं मला वाटतं. १९५० च्या दशकात स्टेरॉइड नवीन होती. १९५६ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत जुनाट दम्यात त्यांचा फारसा टिकाऊ उपयोग दिसला नाही. डर्बीच्या छातीच्या दवाखान्यातले हॅरी मॉरो ब्राउन यांनी एक साधी गोष्ट केली: रुग्णाचा बेडका स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिला. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल होते त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडत होतं. ज्यांच्यात नव्हते त्यांना पडत नव्हतं. मोठ्या चाचणीत दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच पोत्यात भरले गेले होते, म्हणून उत्तर ‘फारसं नाही’ असं आलं होतं. मॉरो ब्राउन यांनी हे १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पुढे १९७२ मध्ये फवाऱ्यातून घ्यायच्या बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा दम्यातला उपयोगही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडला. आज तुमच्या-माझ्या घरातला रोजचा पंप त्याच घराण्यातला.

१९५८ चा धडा विसरायला जगाला फारसा वेळ लागला नाही. इओसिनोफिल ज्या इंटरल्यूकिन-५ या निरोपावर वाढतात, तो अडवणारं मेपोलिझुमॅब हे औषध तयार झालं. २००७ मध्ये ३६२ रुग्णांवरची चाचणी छापून आली आणि उपयोग दिसला नाही. कित्येकांनी तर इओसिनोफिलचा दम्याशी संबंधच नाही असंही म्हणायला सुरुवात केली. मार्च २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या एकाच अंकात दोन छोट्या चाचण्या आल्या, लेस्टरची ६१ रुग्णांची आणि कॅनडातल्या हॅमिल्टनची २० रुग्णांची. औषध तेच. फरक एवढाच की रुग्ण निवडताना बेडक्यातले इओसिनोफिल पाहिले होते. दोन्हींत अटॅक कमी झाले. २०१५ मध्ये औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तीनशे बासष्ट जणांनी जे सांगितलं नाही ते वीस जणांनी सांगितलं, कारण त्या वीस जणांचा बेडका आधी कुणीतरी पाहिला होता. लेस्टरच्याच गटाने त्याआधी, २००२ मध्ये, ७४ रुग्णांत औषधाची मात्रा बेडक्यातल्या इओसिनोफिलवर ठरवून पाहिली होती. गंभीर अटॅक नेहमीच्या पद्धतीने ठरवलेल्या गटात १०९ आणि बेडका पाहून ठरवलेल्या गटात ३५.

मग हे सगळीकडे का होत नाही? खारट पाण्याची वाफ देऊन बेडका काढायला वेळ जातो, दोन तासांच्या आत तो रंगवावा लागतो, आणि मोजायला माणूस बसावा लागतो. डॉक्टरांना मशिनमधून पडणारा आकडा हवा असतो. म्हणून फुंकरीची चाचणी आली. श्वासाबरोबर नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो, हे १९९१ मध्ये कळलं. दमेकऱ्यांच्या श्वासात तो जास्त असतो, हे १९९३ मध्ये स्टॉकहोमच्या गटाने दाखवलं. गाडीच्या धुराड्यातून निघणारा हाच वायू. रुग्णाने मशिनमध्ये सेकंदाला ५० मिलिलिटर या एकसारख्या वेगाने दहाएक सेकंद फुंकायचं. लहान मुलांना पडद्यावर एखादं चित्र स्थिर ठेवायला सांगतात, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांपेक्षा तीच ते नीट करतात. आकडा शंभर कोटी भागांत किती भाग असा येतो: मोठ्यांत २५ च्या आत कमी, ५० च्या वर जास्त, मुलांत २० आणि ३५. माझ्या दृष्टीने या चाचणीचा मोठेपणा असा की हा वायू अस्तराच्या पेशी स्वतः तयार करतात. त्यांच्यावर ॲलर्जीच्या सुजेचे निरोप आदळले की वायू वाढतो, फवाऱ्यातलं स्टेरॉइड नीट पोहोचलं की उतरतो. म्हणून वाढलेला आकडा पाहिल्यावर पहिला प्रश्न औषध बदलायचा नसतो. ‘काका, पंप रोज घेता ना? कसा घेता, दाखवा बरं’ असा असतो. सिगरेट ओढणाऱ्याचा आकडा मात्र खोटा कमी येतो, हे विसरू नये.

रक्तातले इओसिनोफिल ही तिसरी खूण, सगळ्यांत स्वस्त. साध्या सीबीसीत मिळते. घनमिलिमीटरला १५० आणि ३०० हे उंबरठे जगभर वापरले जातात. पण ते उंबरठे युरोप-अमेरिकेतल्या माणसांवर ठरलेले आहेत, आणि इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्याकडे जंत आहेत. गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात हत्तीरोग आहे. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींनी फुप्फुसात उठणारी प्रतिक्रिया हुबेहूब दम्यासारखी दिसू शकते: रात्रीचा खोकला, घरघर आणि रक्तात हजारोंनी इओसिनोफिल. ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव त्या आजाराला १९४३ साली ‘लॅन्सेट’मध्ये वाइनगार्टन यांनी दिलं, आणि त्यांचे रुग्ण मुंबईतले होते. तेव्हा आपल्या एखाद्या रुग्णाच्या सीबीसीत ६०० दिसले तर ते अस्तराचं बोलणं आहे की आतड्यातल्या जंताचं, हे रुग्ण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. त्यात आणखी एक गंमत: हे आकडे दिवसा कमी आणि रात्री जास्त असतात, आणि गावच्या डॉक्टरने आदल्या दिवशी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर जवळजवळ नाहीसे होतात. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि रुग्णाला ‘तुम्हाला ॲलर्जी नाही’ असं सांगितलं जातं.

आयजीई या रक्तातल्या प्रतिपिंडाचंही तसंच. १९६० च्या दशकात इशिझाका दांपत्याने अमेरिकेत, आणि स्वतंत्रपणे स्वीडनच्या गटाने ते शोधलं. ॲलर्जीत वाढतं, जंतांतही वाढतं. त्याविरुद्धच्या ओमॅलिझुमॅबची मात्रा ठरवायला हा आकडा लागतो, पण औषध सुरू झाल्यावर रक्तातलं एकूण आयजीई उलट वाढतं, कारण औषधाला चिकटलेलं आयजीई हळूहळू बाहेर पडतं. रुग्ण घाबरून रिपोर्ट घेऊन येतात. त्यांची काही चूक नसते.

काही खुणा नाव काढून गेल्या. पेरिओस्टिन हे प्रथिन अस्तराच्या पेशी तयार करतात, ते रक्तात मोजता येतं, आणि २०११ मध्ये त्यावरून रुग्ण निवडले तर एक नवं औषध छान चालतं असं दिसलं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही. शिवाय वाढत्या हाडांतूनही पेरिओस्टिन येतं, त्यामुळे मुलांत त्याचा उपयोगच नाही. मी यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, कारण फसलेल्या खुणांकडून शिकायला जास्त मिळतं.

सीसी-१६ हे प्रथिन मात्र मला अजून आशादायक वाटतं. अस्तरातल्या क्लब पेशी ते तयार करतात आणि शिवण ढिली झाली की ते रक्तात झिरपतं. या पेशींचं आधीचं नाव ‘क्लारा पेशी’. माक्स क्लारा यांनी १९३७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, ते नाझी राजवटीत देहदंड दिलेल्या कैद्यांच्या शरीरांतले तुकडे वापरून. म्हणून २०१३ च्या सुमारास श्वसनरोगांच्या मोठ्या नियतकालिकांनी ते नाव काढून टाकलं. मी विद्यार्थी असताना ‘क्लारा’ घोकलं होतं. आता परीक्षेत कुणी ते लिहिलं तर मी गुण कापत नाही, पण कडेला ही गोष्ट लिहून ठेवते.

शेवटची पायरी अस्तराच्या हाकेची. जखमी अस्तर तीन निरोप पाठवतं, त्यांतला एक टीएसएलपी. तो अडवणारं टेझेपेलुमॅब २०२१ मध्ये १,०६१ रुग्णांवर तपासलं गेलं. अटॅक निम्म्याहून कमी झाले, आणि कमी इओसिनोफिल असलेल्यांतही फायदा दिसला. म्हणजे सगळी गडबड जिथून सुरू होते तिथेच हात घातला गेला. किंमत मात्र आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे, हे इथेच सांगून टाकते. पुढच्या पानांत वाचकाला उगाच आशा लागू नये.

आपली खरी गोष्ट वेगळ्या आकड्यांत आहे. २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून जास्त. ही दरी मार्करने भरायची नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो कपाटात ठेवणारी सासू, लग्न ठरेपर्यंत मुलीचा दमा लपवणारे आईवडील, मृगाच्या दिवशी हैदराबादला जिवंत मासळी गिळायला जाणारे आपले लोक, आणि नुसता साल्बुटामॉल घेऊन वर्षं काढणारे रुग्ण, यांच्यापर्यंत पोहोचायला साधा स्टेरॉइडचा पंप पुरे असतो. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून नुसत्या साल्बुटामॉलवर दमा सांभाळू नका असं सांगितलं आहे. नळी मोकळी होते, अस्तर तसंच राहतं. वर लंडनच्या प्रयोगाबद्दल लिहिलं ते याच कारणाने इतकं लांबलं.

पुस्तकाची रचना सरळ नाही, याची मला जाणीव आहे. पहिली चार प्रकरणं अस्तराची आहेत आणि ती क्रमाने वाचावीत. खुणांची प्रकरणं कुठूनही वाचली तरी चालतील. रुग्णांनी फुंकरीच्या चाचणीचं आणि सीबीसीचं प्रकरण आधी वाचावं, मग डॉक्टरांशी बोलावं. तंत्रज्ञांसाठी शेवटी बेडका गोळा करण्याची पद्धत दिली आहे: सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला, लाळ नव्हे, आणि लगेच द्यावा. टीबीसाठी आलेल्या डबीतूनच दुसरी एक स्लाइड लिशमन रंगाने रंगवली तर जादा खर्च किरकोळ येतो. मी ते करत आले आहे. कुणी सांगितलेलं नव्हतं.

चित्रांबद्दल एक खुलासा. सगळी चित्रं रंगवलेल्या स्लाइडची आहेत, शेवटचं सोडून. ते न रंगवता, ताज्या बेडक्याचा थेंब काचेवर ठेवून, चारशे पट मोठं करून घेतलं आहे, म्हणून ते करडं आणि धूसर आहे. प्रकाशकांनी बदला म्हणून सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. त्यात मधोमध पेशींचा एक गोळा आहे आणि त्याची डावी कडा हलल्यासारखी पुसट दिसते. कॅमेरा हलला नव्हता. खोकून बाहेर पडून पाऊण तास झाला होता आणि कडेचे केस अजून एकाच दिशेने हलत होते.